चेटकिणीला रंग देताना

31 ऑक्टोबर जवळ आला की उंच टोपीची, झाडूवर बसलेली चेटकीण मुलांच्या रंगवण्याच्या वह्यांतून घराघरांत शिरते. दिवाळीच्या सुट्टीत मुलांचे हात गुंतवण्यास हा छंद स्वस्त आणि सोपा. मात्र कोणत्या वयाच्या मुलाला कोणते चित्र द्यावे, याचा विचार वडीलधाऱ्यांनी करावयास हवा.

गिरगावातील खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. ख्रिस्ती परंपरेत 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा, तर 2 नोव्हेंबर हा दिवंगतांच्या स्मरणाचा दिवस. ‘हॅलोविन’ हे नाव या संतदिनाच्या पूर्वसंध्येवरून पडले. मराठी मुलांची चेटकीण मात्र रंगभूमीवरची. वाडीपासून पायी जाण्याजोग्या अंतरावर मुंबई मराठी साहित्य संघ आहे. त्याच्या आधाराने सुधा करमरकर यांनी 1959 साली ‘लिटल थिएटर’ उभे केले आणि रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले. पुढे मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’मध्ये दिलीप प्रभावळकर यांनी चेटकीण साकारली. एक पुरुष रंग आणि वेष चढवून चेटकीण होतो, हे कळलेल्या मुलाची भीती अर्धी ओसरते. चित्र रंगवतानाही हेच घडावे.

तीन ते पाच वर्षांच्या मुलांना जाड रेघांची मोठी चित्रे द्यावीत: टोपी, झाडू, मांजर. हाती मेणाचे खडू असावेत आणि चेहरा हसरा असावा. रंग रेघेबाहेर गेला तरी रागावू नये. सहा ते आठ वर्षांच्या मुलांना झग्यावरील ठिपके, चांदण्या, पट्टे भरू द्यावेत आणि चित्रावरून दोन वाक्यांची गोष्ट सांगावयास लावावे. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांनी आयते चित्र घेऊ नये. पार्श्वभूमीला परदेशी किल्ल्याऐवजी वाडीतील उतरती कौले, लाकडी जिना, नक्षीदार सज्जा गल्लीतून पाहून काढावा. छायाप्रकाश पेन्सिलीने साधावा. त्याहून मोठ्यांनी नाटकासाठी मुखवटा आणि वेष यांचा आराखडा करावा.

चित्र काढताना एक गोष्ट विसरू नये. सज्जात बसलेली वाकलेल्या पाठीची वृद्धा चेटकीण नव्हे. ती कोणाची तरी आजी आहे. चित्रांतील चेटकीण बहुधा म्हातारी, कुरूप आणि एकटी असते. तेवढ्यावरून मूल माणसे ओळखू लागले तर छंद महागात पडेल. ‘डाकीण’ ठरवून निरपराध स्त्रियांचा छळ झाल्याच्या घटना महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत घडल्या आहेत. एखादी व्यक्ती करणी किंवा जादूटोणा करते असे भासवून तिला त्रास देणे, हा राज्याच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे.

म्हणून चित्र पुरे झाल्यावर मुलाला एवढेच विचारावे, ‘हिची टोपी आणि झगा काढला, तर आत कोण असेल?’ ‘आपल्यासारखेच कोणीतरी’ असे उत्तर आले, तर चित्र भिंतीवर लावावे. न आले, तर मुलाला जवळ घेऊन समजवावे.