विश्लेषण : मंदीत सरकारने हात आखडता घ्यावा की सैल सोडावा?

महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर सॅलरी स्लिप उघडून पाहा. ‘व्यवसाय कर’ किंवा ‘पीटी’ या नावाने महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतील. राज्यात हा कर १९७५ मध्ये आला, तो प्रामुख्याने रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात शेती बुडाली, तेव्हा सरकारने लाखो लोकांना खडी फोडण्याची, पाझर तलाव खोदण्याची कामे दिली. तीच कल्पना पुढे कायदा झाली. मंदीत सरकारने काय करावे, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या २०० रुपयांत आहे.

मंदीत नेमके काय होते?

एकाचा खर्च म्हणजे दुसऱ्याचे उत्पन्न. नोकरीची धास्ती वाटू लागली की कुटुंब नवा फ्रिज, कपडे, हॉटेलिंग टाळते. दुकानदार माल कमी उचलतो, कारखाना शिफ्ट कमी करतो, कामगाराचा पगार घटतो आणि तोही खर्च आवरतो. प्रत्येक घरापुरती शहाणपणाची असलेली काटकसर सगळ्यांनी एकाच वेळी केली, की सगळ्यांचेच उत्पन्न घटते. अशा वेळी सरकारने प्रसंगी कर्ज काढून खर्च करावा, असे अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३० च्या दशकातील महामंदीत मांडले. कर आणि सरकारी खर्च यांच्या या धोरणाला ‘राजकोषीय धोरण’ म्हणतात. व्याजदर ठरवणे हे रिझर्व्ह बँकेचे काम, हे सरकारचे.

भारताने हे कधी अनुभवले?

एप्रिल ते जून २०२० या लॉकडाऊनच्या तिमाहीत. पहिल्या अंदाजानुसार जीडीपी २३.९ टक्क्यांनी आकसला. लोकांचा खर्च २६.७ टक्क्यांनी, तर गुंतवणूक ४७ टक्क्यांनी घटली. सरकारचा खर्च मात्र १६.४ टक्क्यांनी वाढला. तो वाढला नसता तर घसरण आणखी खोल गेली असती.

मग २० लाख कोटींच्या पॅकेजचे काय?

मे २०२० मध्ये जाहीर झालेल्या या पॅकेजमध्ये सुमारे ८ लाख कोटी हे रिझर्व्ह बँकेच्या उपायांचे होते. लघुउद्योगांसाठीचे ३ लाख कोटी ही कर्जहमी होती. म्हणजे पैसे बँकेने द्यायचे, बुडाले तर सरकारने भरायचे. यामुळे अनेक उद्योग तगले. पण गिऱ्हाईकच नसेल, तर दुकानदार कर्ज घेऊन माल कशाला भरेल? थेट हातात पडणारी मदत त्या मानाने थोडी होती : मोफत धान्य, जनधन खाते असलेल्या महिलांना तीन महिने ५०० रुपये आणि ‘मनरेगा’ची वाढीव तरतूद.

‘मनरेगा’चा खर्च वेगळा का ठरला?

या योजनेत मागेल त्याला काम द्यावेच लागत असे. त्यामुळे संकट येताच खर्च आपोआप वाढला. गाडीच्या शॉक अब्सॉर्बरसारखेच. खड्डा आला की तो दबतो, कुणाच्या आदेशाची वाट पाहत नाही. २०२०-२१ साठी ६१,५०० कोटींची तरतूद होती. प्रत्यक्षात १ लाख १० हजार कोटींहून अधिक खर्च झाले. साडेसात कोटींहून अधिक कुटुंबांना काम मिळाले. शिवाय मजुरीचा पैसा साठून राहत नाही. तो त्याच आठवड्यात किराणा दुकानात पोहोचतो आणि पुढे फिरत राहतो.

महाराष्ट्राने उलटी दिशा का धरली?

४ मे २०२० च्या शासन निर्णयाने राज्याने विकासखर्चाला ६७ टक्के कात्री लावली, नवी कामे आणि नोकरभरती थांबवली. जीएसटी आटला होता आणि राज्यांना केंद्राप्रमाणे हवे तेवढे कर्ज काढता येत नाही. ती मर्यादा राज्याच्या उत्पन्नाच्या ३ वरून ५ टक्के करण्यात आली, पण वाढीचा बराचसा भाग अटींना बांधलेला होता. म्हणजे खर्चाची सर्वाधिक गरज असताना राज्याला हात आखडावा लागला. सप्टेंबरपासून मुद्रांक शुल्क मुंबईत ५ वरून २ टक्क्यांवर आणले, तेव्हा घरखरेदी उसळली. डिसेंबरमध्ये मुंबईत १९ हजारांहून अधिक घरांची नोंदणी झाली. पण हा फायदा घर घेण्याइतकी पुंजी असणाऱ्यांनाच झाला.

खर्चाची किंमत काय?

२०२०-२१ मध्ये केंद्राची वित्तीय तूट जीडीपीच्या ९.२ टक्क्यांवर गेली, उद्दिष्ट ३.५ टक्के होते. केवळ व्याजावर सुमारे ६.८ लाख कोटी गेले. म्हणूनच चांगल्या वर्षांत तूट कमी करणे गरजेचे असते. घराचा आपत्कालीन निधी सुगीतच जमवावा लागतो, तसेच हे.

पुढच्या मंदीची तयारी आहे का?

खरी पोकळी शहरात आहे. २०२० मध्ये गावी परतलेल्या मजुराला निदान कामाची मागणी करता आली. पुण्या-मुंबईतला डिलिव्हरी बॉय, हॉटेलातला वेटर, नोकरी गेलेला कंत्राटी कामगार यांच्यासाठी तशी देशव्यापी हमी नव्हती. केरळने २०१० मध्ये, राजस्थानने २०२२ मध्ये शहरी रोजगार हमी आणली. पॅकेज संकट आल्यावर जाहीर होते. हमी आधीपासून तयार लागते. पन्नास वर्षांपूर्वी शहरातल्या पगारातून २०० रुपयांसारखी छोटी कपात करून गावासाठी अशी हमी उभी राहिली. ती कपात भरणाऱ्याची स्वतःची नोकरी गेली तर त्याच्यासाठी काय, हा प्रश्न मात्र अजून तसाच आहे.