घाटवाटा

कर्जत स्थानकाच्या पुलावरून पूर्वेकडे दृष्टी टाकली, म्हणजे सह्याद्रीची काळी भिंत दक्षिणोत्तर पसरलेली दिसते. तिच्या पायथ्याशी भाताची खाचरे आहेत, तर माथ्यावर दख्खनचे विस्तीर्ण पठार आहे. पायथ्याचा मुलूख तो कोकण, माथ्यावरचा तो देश. या दोहोंना जोडणाऱ्या ज्या जुन्या पाऊलवाटा, त्यांनाच घाटवाटा असे म्हणतात. आज ‘घाट’ हा शब्द उच्चारताच वळणावळणाची डांबरी सडक डोळ्यांपुढे येते. परंतु सडका होण्यापूर्वी शेकडो वर्षे माणसे, बैल व घोडी याच वाटांनी चढत आणि उतरत होती.

दुरून पाहणाऱ्यास हा पर्वत एकसंध वाटतो. एवढ्या उंच कड्यातून वाट काढणे अशक्यच, असेही मनात येते. प्रत्यक्षात मात्र तो सलग नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून तप्त शिलारस वारंवार बाहेर आला आणि त्याचे थरावर थर साचून हा प्रदेश घडला. या थरांपैकी जे कठीण होते, त्यांचे ताठ कडे उरले. जे मऊ होते, ते ऊन, वारा व पाऊस यांनी झिजून तिरपे उतार झाले. म्हणूनच सह्याद्री बाजूने पाहिला असता एखाद्या प्रचंड जिन्यासारखा दिसतो. दोन कड्यांच्या मधोमध जी रुंद पायरी असते, तिला येथील लोक ‘पदर’ म्हणतात. लुगड्याच्या पदराप्रमाणे ती डोंगराच्या अंगावर आडवी पसरलेली असते, म्हणून हे नाव किती समर्पक आहे!

डोंगर चढण्याचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला मार्ग सोंडेचा. डोंगराचा जो भाग हत्तीच्या सोंडेप्रमाणे हळूहळू खाली उतरत आलेला असतो, त्यावरून जाणारी वाट लांबची, परंतु सोपी असते. दुसरा मार्ग नाळेचा. दोन कड्यांमधील चिंचोळ्या घळीस नाळ म्हणतात. तेथून अंतर कमी पडते, पण पायांखाली सुटे धोंडे असतात आणि पावसाळ्यात त्याच घळीतून पाणी धावते. तिसरा मार्ग कातळाचा. जेथे कडा आडवा येतो, तेथे खोबण्या खोदून किंवा शिडी लावूनच वर जावे लागते.

कर्जत तालुक्यातील खांडस या गावाहून भीमाशंकरला जाणाऱ्या दोन वाटा या भेदाचे उत्तम उदाहरण होत. त्यांपैकी गणेश घाटाची वाट वळसा घेत, गणपतीच्या देवळावरून सावकाश वर जाते. शिडी घाटाची वाट मात्र सरळ कड्याला भिडते आणि लोखंडी शिड्यांवरून चढते. दोन्ही वाटा पदरावर एकत्र येतात व तेथून दाट अरण्यात शिरतात. माथ्यावर बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असे भीमाशंकराचे देवस्थान असून तेथेच भीमा नदीचा उगम आहे. येथील अरण्यास १९८५ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू येथे उंच झाडांवर राहतो. ही तांबूस रंगाची मोठी खार या झाडावरून त्या झाडावर लांब उड्या मारीत जाते. जमिनीवर क्वचितच उतरते. झाडांच्या फांद्या एकमेकींस भिडलेल्या असतील, तरच तिला फिरता येते. म्हणजे आपली वाट जशी जमिनीवर असते, तशी शेकरूची वाट झाडांच्या शेंड्यांवर असते. मधले एक झाड तोडले, तर तिचा पूलच मोडतो.

दुसरी प्रसिद्ध वाट कोंदिवडे गावाहून राजमाचीस जाते. या वाटेवर कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास ती खोदली गेली. लाकडी इमारतीतील तुळया व कमानी जशाच्या तशा दगडात उतरविल्याचे तेथे दिसते. तेथील एका ब्राह्मी लेखात कान्हाचा शिष्य बलक याचे नाव कोरलेले आहे. दोन हजार वर्षे लोटली, तरी आपल्या गुरूचा उल्लेख करण्यास न विसरलेला तो शिष्य आजही वाटसरूंस भेटतो. पावसाळ्यात लेण्यांच्या दर्शनी भागावरून पाण्याचा पडदा कोसळत असतो. बंदरांतून देशाकडे जाणारे व्यापारी आणि भिक्षू अशाच वाटांवरच्या लेण्यांत विसावा घेत. पुढे ही वाट श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांखालील उधेवाडीस पोहोचते.

आंबिवली गावाहून निघणारी तिसरी वाट पेठच्या किल्ल्याची. त्याला कोथळीगड असेही म्हणतात. मधल्या सपाटीवर पेठ हे गाव वसलेले आहे, आणि त्याच्यामागे किल्ल्याचा सुळका उभा आहे. सुळक्याच्या पोटात कोरीव खांबांची गुहा असून, माथ्यावर जाण्याचा जिनाही डोंगराच्या आतूनच कोरून काढलेला आहे.

वाटांचे ज्ञान किती मोलाचे असते, याची साक्ष इतिहास देतो. २ फेब्रुवारी १६६१ रोजी मोगल सरदार कारतलबखान आपले सैन्य घेऊन कुरवंडे घाटाने कोकणात उतरत होता. आजच्या खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला गाठले. वाट अरुंद होती, दोन्ही बाजूंस रान दाट होते. खानाचे सैन्य मोठे होते, परंतु त्याला पुढे जाता येईना व मागेही फिरता येईना. अखेर तो शरण आला. महाराजांजवळ सैन्य थोडे होते. पण प्रत्येक खिंड व प्रत्येक झुडूप ओळखणारी माणसे होती.

खोपोली व खंडाळा यांमधील बोरघाट ही देखील मूळची घाटवाटच. १८३० साली तेथे गाडीरस्ता झाला. पुढे १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि १८५८ साली खंडाळ्याहून पुण्यापर्यंत धावू लागली. मधला डोंगर मात्र तसाच राहिला. त्यामुळे काही वर्षे उतारूंना हा टप्पा पालखीतून किंवा घोड्यावरून पार करावा लागे. हजारो मजुरांनी कातळ फोडून बोगदे खोदले. पटकीच्या साथींत व अपघातांत त्यांपैकी पुष्कळ मृत्युमुखी पडले. १८६३ साली घाटातून आगगाडी सुरू झाली. आजही घाट चढण्यासाठी अनेक गाड्यांना कर्जत येथे मागे जादा इंजिने जोडतात. याच घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. इंग्रज अभियंत्यांना मार्ग सापडेना, तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने तो दाखविला, आणि त्याबद्दल त्याला बक्षीस नव्हे तर मरण मिळाले, अशी दंतकथा सांगतात. कथेतील खरे-खोटे काहीही असो. गुरांमागे हिंडणाऱ्या माणसास डोंगर नकाशाहून अधिक ठाऊक असतो, हे तिचे सांगणे खोटे नाही.

या कड्यांनी माणसास आणखी एक देणगी दिली, ती पाण्याची. माथ्यावर पडणारा पाऊस धबधब्यांच्या रूपाने खाली झेप घेतो. हीच झेप ओळखून लोणावळ्याजवळच्या तलावांतील पाणी नळांतून खोपोलीस उतरविण्यात आले आणि १९१५ साली त्यावर तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे १९२२ साली भिवपुरी येथेही तसेच वीजकेंद्र सुरू झाले. चक्रे फिरवून झाल्यावर हे पाणी वाया जात नाही. खोपोलीचे पाणी पाताळगंगेस मिळते व भिवपुरीचे उल्हास नदीस.

परंतु जो पाऊस धबधबा होतो, तोच कधी काळ होऊन येतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी या ठाकरांच्या वस्तीवर दरड कोसळली. वस्तीस मोटाररस्ता नव्हता. अंधारात, भर पावसात, मदत करणाऱ्यांना निसरड्या पाऊलवाटेनेच चढून जावे लागले. अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत. फावडी व हात यांनीच माती उपसावी लागली. सत्तावीस मृतदेह हाती आले, आणि पन्नासांहून अधिक माणसे मातीखालीच राहिली. हौशी प्रवाशास घाटवाट म्हणजे एका दिवसाची मौज. परंतु डोंगरावरील ठाकर, कातकरी व महादेव कोळी यांच्या कित्येक वाड्यांना तीच बाजाराची, शाळेची आणि दवाखान्याची वाट असते. आजारी माणसास झोळीत घालून तेथूनच खाली आणावे लागते.

म्हणून या वाटांवर पाऊल टाकणाऱ्याने काही गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत. खाली ऊन असले, तरी माथ्यावर पाऊस चालू असू शकतो; त्यामुळे कोरडा दिसणारा ओढा थोड्याच वेळात दुथडी भरतो. अशा वेळी पाणी ओसरेपर्यंत थांबणे यात भित्रेपणा नाही, शहाणपण आहे. शेवाळलेला कातळ व धबधब्याचा डोह यांवर विश्वास टाकू नये. वळण टाळण्यासाठी मधूनच नवी वाट पाडू नये. कारण गवत तुडवून पडलेल्या त्या उभ्या वाटेनेच पावसाचे पाणी धावते, माती वाहून नेते आणि काही वर्षांत तेथे घळ पडते. पिण्याच्या पाण्याची टाकी व झरे गावकऱ्यांसाठी असतात, ते गढूळ करू नयेत. आणि निघण्यापूर्वी गावातील जाणत्या माणसास विचारावे. त्याने ‘आज जाऊ नका’ म्हटले, तर निमूटपणे परत फिरावे.

घाटवाट कोणा एका राजाने बांधलेली नाही, किंवा कोणा एका अभियंत्याने आखलेली नाही. असंख्य अनामिक पावलांनी ती शोधली, चुकत-माकत सुधारली आणि पुढच्या पिढीच्या हाती दिली. जी वाट चालती राहते, तीच जिवंत राहते. एक-दोन पावसाळे कोणी फिरकले नाही, तर कारवी व घाणेरी ती झाकून टाकतात. तिला जागती ठेवण्याचे काम डोंगरातील माणसे आजवर करीत आली आहेत. त्यांच्या वाटेने जाताना पाहुण्याने पाहुण्यासारखे वागावे, एवढीच त्या वाटेची अपेक्षा असते.