कर्जतला मागून लागणारं इंजिन

बदलापूरच्या एका वाचकांचं पत्र आलं. ते विचारतात, हल्लीच्या विजेच्या इंजिनांत सहा हजार अश्वशक्ती असते, मग पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला अजून मागून बँकर, म्हणजे रेटणारं जादा इंजिन, कशाला लावतात?

अश्वशक्ती कितीही असो, गाडी शेवटी पुढे ढकलतो तो रूळ. चाक रुळाला मागे रेटतं, रूळ चाकाला पुढे रेटतो आणि हा सगळा व्यवहार घर्षणाच्या जोरावर चालतो. चाक आणि रूळ टेकतात ती जागा जेमतेम नखाएवढी. पण क्षेत्रफळाचा इथे संबंध नाही, भाराचा आहे. म्हणून इंजिन मुद्दाम जड ठेवतात.

आता हिशेब मांडू. इंजिन १२३ टनांचं. कोरड्या रुळावर घर्षणांक ०.३ धरला तर पकड ३७ टनांची. कर्जतपुढच्या बोर घाटाचा चढ ३७ला १. डबे समजा १२०० टनांचे, तर गुरुत्वाकर्षण त्यांना ३२ टनांनी मागे ओढणार. इंजिनाला स्वतःचंही वजन चढवायचंय, त्याचे ३ टन. झाले ३५. वळणांचा आणि चाकांचा विरोध अजून धरलेलाच नाही! त्यात पाऊस आला आणि घर्षणांक निम्मा झाला, की पकड उरते १८ टन. मोटर जोर लावतच राहते, चाकं जागच्या जागी फिरतात. एकदा घसरली की स्थितिक घर्षण जाऊन गतिक घर्षण येतं, म्हणजे होती ती पकडही कमी होते. तेव्हा चाकांपुढे वाळू सोडतात. गंमत म्हणजे मुसळधार पावसापेक्षा भुरभुर पाऊस वाईट. मुसळधार पाऊस रूळ धुऊन काढतो, भुरभुरीत गंज आणि धुळीचं बुळबुळीत सारण तयार होतं.

म्हणजे बँकरकडून शक्तीपेक्षा महत्त्वाचं मिळतं ते चालत्या चाकांवरचं वजन. मग तो पुढे का जोडत नाहीत? दोन्ही इंजिनं पुढे लावली तर सगळी ओढ पहिल्या कपलिंगवर येते. मागून रेटलं तर ती वाटली जाते. शिवाय मध्येच कपलिंग तुटलं तरी मागचे डबे घाटात सुटत नाहीत.

या पकडीवर सुरुवातीला फारसा कुणाचा विश्वास नव्हता, हा माझा आवडता किस्सा. गुळगुळीत लोखंडावर गुळगुळीत चाक घसरणारच, अशी खात्री. १८१२ साली लीड्सजवळच्या कोळशाच्या लाइनीवर ब्लेंकिन्सॉपने रुळाला चक्क दाते पाडले आणि इंजिनाला दातेरी चाक बसवलं. वर्षभरात विलियम हेडलीने मजबूत गाडा बनवला, त्यावर वजन चढवलं, माणसांकडून हँडलं फिरवून चाकं चालवली आणि मागे कोळशाच्या वाघिणी जोडून बघितल्या. पुरेसं वजन असलं की गुळगुळीत चाक ओढतं, हे दिसलं. दाते नकोत, भार द्या. मला हा प्रयोग पुष्कळ गाजलेल्या प्रयोगांहून मोठा वाटतो.

हीच पकड उतारावर ब्रेकलाही मर्यादा घालते. म्हणून घाटात गाडी ठरावीक ठिकाणी थांबवून दाखवावी लागते. ती थांबेपर्यंत सांधा चढणीच्या आडलाइनीकडे लावलेला असतो. हीच कॅच सायडिंग: गाडी थांबली नाही, तर तिकडे वळते.