गोठ्याला पायऱ्या नसतात

पनवेल-रोहा रेल्वेमार्गावरच्या जितेसारख्या गावात पाहुण्यांसाठी खोल्या काढायचा विषय निघाला, की पहिली कुऱ्हाड परसातल्या जुन्या दगडी गोठ्यावर पडते. राज्याने 2020 साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले. त्यातून हाताशी आलेल्या उमेदीचे रूपांतर बहुतेकदा राहत्या घरावर चढवलेल्या मजल्यात होते. हा हिशेब उलटा आहे. व्हीलचेअरवरचा, काठी टेकत चालणारा किंवा गुडघ्यांनी हैराण झालेला पाहुणा घरापेक्षा गोठ्यात सहज सामावतो, कारण गोठा मुळातच पायऱ्या न चढणाऱ्या जिवांसाठी बांधलेला असतो.

कोकणातल्या पावसामुळे घराचे जोते दोन-तीन फूट उंच घेतात. सुगम्यतेचा नियम असा की एक फूट चढायला किमान बारा फूट लांबीचा उतार हवा. तीन फुटांच्या जोत्याला छत्तीस फुटांचा रॅम्प आणि मध्ये विसाव्याच्या सपाट जागा लागणार. एवढे अंगण कुणाकडे असते? गोठ्याचे जोते अर्धा फूट असेल, तर सहा फुटांत काम भागते. गाभण म्हैस न घासता आत जावी म्हणून दार रुंद ठेवलेले असते, आणि व्हीलचेअरला 90 सेंटिमीटर मोकळी वाट पुरते. आतला चौक आडभिंतींविना असल्याने खुर्ची वळवायला लागणारा दीड मीटर व्यासाचा गोलही मिळतो. गोमूत्र वाहून जावे म्हणून जमिनीला दिलेला बेताचा ढाळ तर न्हाणीघरासाठी आयताच उपयोगी. तिथे उंबरा नको असतो आणि पाणी मात्र मोरीकडे गेले पाहिजे. झोपायच्या भागात तेवढी जमीन समतल करून घ्यावी.

खरी अडचण भिंतीत असते. वर्षानुवर्षांच्या शेणमुतातला अमोनिया मातीतले जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा पूर्वी गोठ्याजवळच्या मातीतून काढत, तो याच प्रक्रियेमुळे. हे क्षार ओलीबरोबर दगडांच्या सांध्यांत चढतात. त्यातले कॅल्शियम नायट्रेट हवेची आर्द्रता साधारण 50 टक्क्यांवर गेली, की हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. पावसाळ्यात कोकणातली हवा याहून कितीतरी दमट असते. म्हणजे कौलातून थेंबही गळत नसताना भिंत ओली होते, आणि दोष गवंड्यावर येतो. उपाय म्हणून सिमेंटचा गिलावा मारला तर रोग बळावतो. घट्ट सिमेंटमधून वाफ सहजी बाहेर पडत नाही, ओल आणखी वर सरकते, क्षारांचे स्फटिक गिलाव्यामागे वाढतात आणि रंगासकट पापुद्रे सुटतात. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. क्षार त्याच्यात येऊन बसतात, काही वर्षांनी तो खरवडून नवा लावायचा. म्हणजे गिलावा खर्ची पडतो आणि भिंत वाचते. त्याआधी सांधे खरडून, ओल्या मातीचा किंवा कागदी लगद्याचा लेप सुकेपर्यंत ठेवून जमेल तेवढे क्षार ओढून घ्यावेत. न्हाणीघरातले आधारदांडे गिलाव्यात न ठोकता अखंड दगडात बसवावेत किंवा भिंतीच्या आरपार बोल्ट घेऊन मागे पट्टी द्यावी. साधे लोखंड अशा खारट ओलीत टिकत नाही, म्हणून दांडे स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत.

किल्लारी आठवणारा वाचक इथे थांबवेल, आणि ते योग्यच आहे. 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपात मराठवाड्यातल्या जाड दगडमातीच्या भिंतींनीच माणसे चिरडली. पण तो दोष दगडाइतकाच बांधणीचा होता. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू जोडणारे आरपार दगड नव्हते, त्यामुळे दोन्ही बाजू वेगळ्या होऊन कोसळल्या. भारतीय मानकानुसार असे दगड उंचीत दर 60 सेंटिमीटरला आणि आडवे दर 1.2 मीटरच्या आत हवेत. जुन्या भिंतीत ते नसतील, तर ठरावीक अंतराने भोके पाडून सळईसह काँक्रीट भरता येते. (चुन्याची बाजू घेणाऱ्याने इथे सिमेंटला नाक मुरडू नये.) भिंत फुगलेली असेल किंवा पाया खचलेला असेल, तर मात्र मोह सोडून ती उतरवावी.

राहिला गिऱ्हाइकाचा प्रश्न: असे पाहुणे येतात किती? 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात अपंग व्यक्ती जवळपास 30 लाख होत्या. मोडलेला पाय, गरोदरपण आणि म्हातारपण त्यात धरलेलेच नाही. शिवाय एकटी आजी पायऱ्या चढू शकत नसेल, तर सहलीचा बेत सगळ्या घराचा रद्द होतो. जिते मुंबई-गोवा महामार्गाला लागून आहे, गाडी दारापर्यंत नेता येते. अडते ते दाराच्या आत. म्हणून गोठा पाडायला माणसे बोलावण्याआधी टेप घेऊन जोत्याची उंची आणि दाराची रुंदी मोजा, भिंत बांधकाम अभियंत्याला दाखवा, आणि न्हाणीघराचा आराखडा पक्का करण्यापूर्वी व्हीलचेअर वापरणाऱ्या एखाद्या माणसाला तिथे फिरून पाहायला बोलवा.