मुलांच्या पुढच्या वाटेचा विचार केव्हां करावा ?

दहावीचा निकाल लागला, कीं आमच्या सुशिक्षित घरांतून एक ठराविक संवाद ऐकूं येऊं लागतो. पेढा हातांत घेऊन पाहुणा विचारतो, "मग पुढें काय?" आणि ज्याच्यासाठीं हा प्रश्न, तो मुलगा अगर ती मुलगी तोंड उघडण्यापूर्वींच वडील उत्तर देऊन मोकळे होतात. उत्तरें दोनच, एक डॉक्टर, दुसरें इंजिनियर. नव्वदांच्या वर टक्के असले म्हणजे पहिलें, थोडे कमी पडले म्हणजे दुसरें. सोळा वर्षांच्या आयुष्यांत त्या मुलास काय आवडलें, काय जमलें, कशाचा कंटाळा आला, ह्याची विचारपूस ह्या हिशेबांत कोठेंच येत नाहीं. आम्ही स्वतः अशा कित्येक प्रसंगीं पेढा खाऊन "छान, छान" म्हणत उठलों आहों. तेव्हां सारा दोष इतरांच्या माथीं मारण्याचा आमचा हेतु नाहीं.

२०२५ च्या जून महिन्याच्या अखेरीस कांहीं कामानिमित्त आम्हांस हिंगोलीस जावें लागलें. तेथील एक वकील आमचे फार दिवसांचे स्नेही. त्यांच्या घरीं उतरलों, तों घरावर सुतकाची कळा आलेली. चौकशी करतां समजलें, कीं वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेचा निकाल नुकताच लागला असून त्यांच्या कन्येस दुसऱ्या खेपेसही पुरेसे गुण मिळाले नाहींत. अकरावी-बारावीचीं दोन वर्षें लातुरास, तिसरें वर्ष पुन्हा त्याच अभ्यासासाठीं तेथेंच; वसतिगृह, शिकवणी, खाणावळ ह्यांत वडिलांची बरीच शिल्लक खर्ची पडलेली; आणि मुलगी माडीवरून खालीं उतरावयास तयार नाहीं. वकीलसाहेब म्हणाले, "तुम्ही मास्तर माणूस. तिला जरा समजावून सांगा. अजून एक वर्ष दिलें तर होईल." समजूत घालण्यास आम्ही माडीवर गेलों खरे, पण खालीं आलों तें आमचीच समजूत पटून.

मुलगी आठवींत असतांना शाळेची सहल औंढा नागनाथास गेली होती. देवदर्शन झालें, आणि परततांना शिक्षकांनीं सांगितलें, कीं येथून जवळच दुधाळा गांवच्या शिवारांत आकाशांतून येणाऱ्या लहरी टिपण्याची वेधशाळा व्हावयाची आहे. त्या दिवशीं मुलीला दिसलें तें नुसतें उघडें रान. पण तें तिच्या मनांत कायमचें बसलें.

ही वेधशाळा म्हणजे 'लायगो-इंडिया'. आईन्स्टाइननें १९१६ सालीं केवळ गणिताच्या बळावर असें भाकीत केलें होतें, कीं प्रचंड वस्तूंच्या हालचालीनें खुद्द अवकाशांतच लहरी उठल्या पाहिजेत. त्या प्रत्यक्ष टिपावयास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील दोन यंत्रांनीं, दोन कृष्णविवरें एकमेकांत मिळून गेल्याची खूण पकडली. प्रत्येक यंत्रास काटकोनांत दोन भुजा, प्रत्येक भुजा चार किलोमीटर लांब; त्यांतून लेसरचा किरण ये-जा करतो, आणि प्रोटॉनच्या सहस्रांशाहूनही लहान असा लांबींतील फरक त्यावरून ओळखतां येतो. असलेंच आणखी एक यंत्र अमेरिकेपासून दूर असलें, म्हणजे लहर आकाशाच्या कोणत्या भागांतून आली तें अधिक नेमकें सांगतां येतें. आणि त्यासाठीं जमीन शांत व हादरे थोडे असे ठिकाण हवें. म्हणून औंढा. केंद्र सरकारनें १७ फेब्रुवारी २०१६ रोजीं तत्त्वतः आणि ६ एप्रिल २०२३ रोजीं अंतिम मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज सुमारें २६०० कोटी रुपये.

हें सर्व त्या मुलीनें आम्हांस सांगितलें. आम्हीं तिला नव्हे. शेवटची तारीख सांगतांना ती मात्र जराशी थांबली. त्या एप्रिलांत ती लातुरास होती, अकरावी आटोपून बारावीच्या वर्गांस बसूं लागली होती, आणि गणित हा विषय सोडून तिला वर्ष होत आलें होतें. 'नीट'ला गणित लागत नाहीं. शिकवणीच्या वेळापत्रकांत तें बसत नव्हतें. मग उगाच भार कशाला, असें ठरलें होतें. कोणीं ठरविलें, ह्या प्रश्नास घरांत कोणाजवळच सरळ उत्तर नव्हतें. वडील म्हणाले, शिकवणीवाल्यांनीं. आई म्हणाली, मामांनीं. मुलगी एवढेंच म्हणाली, "काका, मला कोणीं विचारलेंच नाहीं."

वास्तविक आपल्या राज्यांत अकरावीस शास्त्र शाखेंत गणित व जीवशास्त्र हे दोन्ही विषय घेतां येतात. ज्याचें मन अद्याप ठरलें नाहीं, त्यानें ते दोन्ही घ्यावे, हें अगदीं साधें शहाणपण. भार पडतो खरा. परंतु सोळाव्या वर्षीं एक दार आपल्याच हातानें लावून घेण्यापेक्षां तो भार पुष्कळ हलका. अभियांत्रिकीची प्रवेशपरीक्षा गणितावांचून देतां येत नाहीं, आणि पदार्थविज्ञानाची वाट तर गणितावांचून चार पावलेंही पुढें सरत नाहीं. पालकांना हें ठाऊक नसतें असें नव्हे. तें ठाऊक करून घेण्याची वेळ दहावीच्या निकालानंतरचे पंधरा दिवस नव्हे, एवढेंच आमचें म्हणणें. खरी वेळ आठवी-नववीची. त्या वयांत मूल निवड करीत नसतें. पण आपली निवड नकळत दाखवीत असतें. कोणी मोटारपंप उघडून बसतें, कोणी गोठ्यांतून हलत नाहीं, कोणी रानांतल्या सहलीवरून आलें कीं चार महिने तेंच तें बोलतें. पाहणारा मात्र घरांत हवा.

आमच्या स्नेह्यांना आम्ही कठोर शब्द बोललों नाहीं, ह्याला कारण आहे. मराठवाड्यांतील त्यांच्या वडिलांच्या पिढीस निवड म्हणून असें कांहीं नव्हतेंच. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत. विद्यापीठ म्हणावें तर हैदराबादचें उस्मानिया, तें १९१८ चें, आणि तेथें शिक्षणाची भाषा उर्दू. मराठी घरांतल्या मुलानें एक तर तेथें जावें, नाहीं तर पुण्या-नागपुराची वाट धरावी. औरंगाबादेस विद्यापीठ झालें तें १९५८ सालीं, नांदेडला १९९४ सालीं. आणि स्वतः हिंगोली जिल्हा परभणींतून वेगळा निघाला तो १ मे १९९९ रोजीं. मुंबई सरकारनें मुलांना व्यवसायाबाबत सल्ला देण्याची कचेरी १९५० सालींच काढली होती. पण त्या वेळीं हिंगोली मुंबई राज्यांत नव्हतीच. जें मिळेल तें घट्ट धरावें, ही त्या पिढीची रीत पोटांतून आलेली. ती रीत मुलाच्या मुलीपर्यंत तशीच येऊन पोंचली, इतकेंच.

ह्यावर कोणी नरहर कुरुंदकरांचें उदाहरण पुढें करील. वसमत तालुक्यांतील कुरुंदा गांव ज्यांच्या आडनांवांत वसलें आहे, ते कुरुंदकर इंटरच्या परीक्षेंत एकदां नव्हे, पुनःपुन्हा नापास झाले; शाळेंत मास्तरकी केली; पुढें एम्. ए. होऊन नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि त्यांचें व्याख्यान ऐकावयास गांवोगांव माणसें लोटत. "मग परीक्षेचें काय एवढें?" असा निष्कर्ष ह्यावरून काढणारे पालक आम्हीं पाहिले आहेत. आम्हांस तो मान्य नाहीं. कुरुंदकरांच्या वाचनाचा झपाटा परीक्षेच्या बाहेर अखंड चालूं होता, आणि हैदराबादेस मामांच्या घरीं, मराठीच्या एका प्राध्यापकाच्या घरीं, त्या वाचनाची किंमत जाणणारें वातावरण त्यांस लाभलें. नापासीपेक्षां हें घर आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें.

अमेरिकेंत बोस्टन शहरीं फ्रँक पार्सन्स नांवाच्या गृहस्थानें १९०८ सालीं तरुणांना धंद्याची निवड करण्यास साहाय्य करणारी एक कचेरी उघडली. त्याचें सूत्र असें, कीं प्रथम स्वतःस ओळखावें, मग कामाची खरी माहिती मिळवावी, आणि नंतर ह्या दोहोंचा मेळ शांतपणें घालावा. आमच्या घरांतून तिसरी पायरी सर्वप्रथम येते, तीही शांतपणें नव्हे. पहिल्या पायरीसाठीं महाराष्ट्रांत २०१६ सालापासून कांहीं वर्षें दहावीच्या मुलांची कलचाचणी घेण्यांत आली. वकीलसाहेबांच्या पुतण्याचा तो अहवाल आम्हीं मागून पाहिला. गुणपत्रिकेच्या मागें, घडीही न मोडलेला. दुसऱ्या पायरीची तऱ्हा तर विचारूंच नये. हिंगोलीच्या मुलास डॉक्टर, वकील, शिक्षक व बँकेंतला साहेब एवढीं माणसें कामावर दिसतात. वेधशाळेंत काय चालेल, हें त्याला कोण सांगणार ? चार-चार किलोमीटर नळींतून जवळजवळ सारी हवा काढून टाकावी लागते, आणि एक जोड जरी गळका राहिला तरी सर्व व्यर्थ. म्हणजे तेथें पंडितांइतकेच उत्तम वेल्डिंग करणारे, वीजकाम जाणणारे, संगणकाचे, आरशांचे व इमारतीचे कारागीर हवेत. आय. टी. आय. अगर दहावीनंतरची तीन वर्षांची पदविका ही 'मार्कें कमी पडलीं' ह्याची शिक्षा समजण्याची आमच्या वर्गाची संवय तेथें टिकावयाची नाहीं. पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत थेट प्रवेश मिळतो, हें तरी किती घरांत ठाऊक असतें ?

हळदीचेंही तसेंच. वसमत-हिंगोलीच्या बाजारांत हळदीचे ढीग प्रत्येकानें पाहिलेले. पण ती शिजविणें, वाळविणें, पॉलिश करणें, तिच्यांतील कुरकुमिन मोजणें, तिचे पदार्थ करून परदेशीं धाडणें, ह्या प्रत्येक पायरीमागें एक शास्त्र आहे, आणि तें शिकविणारें कृषि विद्यापीठ शेजारीं परभणीस १९७२ पासून उभें आहे. तेथें अन्नतंत्राचें निराळें महाविद्यालयही आहे. आमच्यांतील शेती असलेलीं घरेंसुद्धां मुलांना त्या दिशेस पाहूं देत नाहींत.

वैद्यकाशीं आमचें वैर नाहीं. हिंगोलीचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ९ ऑक्टोबर २०२४ रोजीं सुरू झालें, ही आनंदाची गोष्ट. ज्या मुलास रुग्णाचा कंटाळा नाहीं व पाठांतराची भीति नाहीं, त्यानें तिकडे जरूर जावें. पण तेथेंही, पहिला प्रयत्न फसला तर काय, ह्याचें उत्तर अकरावीपूर्वींच घरांत बोलून ठेवावें. दुसरी वाट आधीं ठरलेली असली म्हणजे ती वाट उरत नाहीं, पराभवही वाटत नाहीं.

आतां थोडें कागदांविषयीं, कारण मुलाचें नुकसान पुष्कळदां बुद्धीनें नव्हे, कागदानें होतें. शासकीय अगर अनुदानित शाळेंतील आठवीच्या मुलास, घरचें उत्पन्न साडेतीन लाखांच्या आंत असेल, तर राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा देतां येते. ती मिळाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षास १२,००० रुपये. इतर आरक्षणांत न येणाऱ्या व आठ लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या घरांसाठीं २०१९ पासून दहा टक्के जागा आहेत. मात्र त्याचा दाखला त्या त्या आर्थिक वर्षापुरताच चालतो, आणि प्रवेशाच्या आठवड्यांत तहसील कचेरीसमोर रांग केवढी असते हें ज्यानें पाहिलें त्यालाच ठाऊक. २०२४-२५ पासून महाराष्ट्रांत व्यावसायिक अभ्यासक्रमांस जाणाऱ्या अशाच आर्थिक दुर्बल, तसेंच इतर मागास व सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतील मुलींचें शिक्षणशुल्क सरकार भरूं लागलें. मुलीला धाडावें कीं नाहीं ह्या घरगुती वादांत हा आंकडा सांगण्यासारखा आहे.

त्या रात्रीं वकीलसाहेबांशीं आमचें बोलणें बरेंच लांबलें. चौथें वर्ष लातुरास द्यावें हा त्यांचा आग्रह अखेर सुटला. तो आमच्या युक्तिवादानें सुटला नाहीं. मुलीच्या आईनें इतकेंच विचारलें, कीं "ती सहलीहून आली तेव्हां काय बोलत होती, तें तुम्हांला आठवतें का?" आणि वकीलसाहेबांना तें आठवलें नाहीं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेमार्फत बारावीचा एखादा राहिलेला विषय स्वतंत्रपणें देतां येतो, ही माहिती तिनें स्वतःच काढून ठेवली होती. एक वर्ष आणखी जाणार होतें, पण गणितासाठीं.

दिवाळींत पुन्हा जाणें झालें. माडीवर पाटीएवढा फळा टांगलेला, त्यावर त्रिकोणमितीचीं सूत्रें, आणि खालीं ओसरीवर अशील बसलेले. चहाच्या वेळीं वकीलसाहेब आंत येऊन म्हणाले, "तिच्या त्या गणितांतलें मला कांहीं कळत नाहीं. पण उद्यां सकाळीं दुधाळ्यास जाऊन येऊं म्हणते, बाहेरून का होईना. गाडींत एक जागा आहे. येतां?"

आम्ही गेलों.