तह करणारा कप्तान, इतिहास लिहिणारा कप्तान
लेखमाला : मावळचा कागद । लेखांक ७

मागच्या लेखांकात आपण शंकराजी नारायणांपासून चालत आलेली भोरच्या पंत सचिवांची गादी पाहिली. राजगड, तोरणा, रोहिडा आणि त्यांच्या पायथ्याचा मावळ पुढे याच गादीच्या अमलाखाली आला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि एक अवघड प्रश्न उभा राहिला : आता सचिवांचा धनी कोण? साताऱ्याचे छत्रपती की पुण्यावर निशाण लावलेली कंपनी? हा प्रश्न ज्याच्या हातून कागदावर सुटला, त्याच माणसाने पुढे मराठ्यांचा सविस्तर इतिहास इंग्रजीत लिहिला. आजचा लेख त्याच्याविषयी, कप्तान जेम्स ग्रँट डफ याच्याविषयी.

ग्रँटचा जन्म ८ जुलै १७८९ रोजी स्कॉटलंडमधल्या बॅन्फ गावी झाला. कंपनीच्या मुलकी नोकरीची वाट पाहण्याचा धीर न राहिल्याने त्याने लष्करातली उमेदवारी पत्करली आणि १८०५ मध्ये तो मुंबईकडे निघाला. तो फारसी शिकला आणि विशीच्या आतच पलटणीचा फारसी दुभाषा झाला. या भाषेनेच त्याला पुण्याच्या रेसिडेन्सीत आणले. तिथे रेसिडेंट होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जो स्वतः पुढे हिंदुस्थानचा इतिहास लिहिणार होता. त्याच्या हाताखाली ग्रँट वकिलातीचे काम शिकला : दरबारात कोण कोणाचा, कोणाचे वतन कुठे, कोणत्या सनदेवर कोणाचा हक्क. त्या काळी रेसिडेंटाच्या सहायकाला जुने कागद वाचल्याशिवाय एक दिवसही काम करता येत नसे. इतिहासाची गोडी त्याला या कामातूनच लागली.

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. एल्फिन्स्टनने छत्रपतींना साताऱ्याच्या गादीवर बसवायचे ठरवले आणि त्यांच्याशेजारी पोलिटिकल एजंट म्हणून ग्रँटला नेमले. ग्रँट तेव्हा तिशीच्याही आत होता. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने साताऱ्याचे राज्य आखले गेले. उत्तरेला नीरा आणि भीमा, दक्षिणेला वारणा आणि कृष्णा, पश्चिमेला सह्याद्री, अशा त्याच्या हद्दी होत्या. महाराज तरुण आणि कारभाराला नवे, म्हणून १८२२ पर्यंत राज्य एजंटाने चालवायचे आणि मग त्यांच्या स्वाधीन करायचे, असेही ठरले. ग्रँटने हे काम मनापासून केले आणि ठरल्याप्रमाणे १८२२ मध्ये कारभार महाराजांकडे सोपवला.

भोरचा प्रश्न त्याने १८२० मध्ये हाती घेतला. पंत सचिव, औंधचे पंत प्रतिनिधी, फलटण आणि जतचे जहागीरदार यांच्याशी त्याने वेगवेगळे करार केले. जहागीरदारांनी छत्रपतींचे मांडलिक राहायचे, पण त्यांच्या जहागिरी राखण्याची हमी कंपनीची, असा त्यांचा मतलब होता. म्हणजे भोरला एकाच वेळी दोन वरिष्ठ मिळाले. जहागीरदार निपुत्रिक वारला, दत्तकाचा प्रश्न आला किंवा तंटा उभा राहिला, तर शेवटचा शब्द कोणाचा, याचे पक्के उत्तर त्या कागदात नव्हते. पुढच्या वीस वर्षांत साताऱ्याचे महाराज आणि मुंबई सरकार यांच्यात जे वितुष्ट आले, त्याचे एक मोठे कारण हा जहागिरींवरचा हक्कच होता. अखेर सप्टेंबर १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवले. परक्या सत्तांशी बोलणे करायचे नाही, हे तहातले कलम त्यांनी मोडले, हाही त्यांच्यावरचा एक आरोप होता.

साताऱ्याच्या याच वर्षांत ग्रँट इतिहासाची साधने गोळा करत होता. छत्रपतींच्या दफ्तराचे दार त्याला उघडे होते. सरदारांच्या घरची आणि देवस्थानांची कागदपत्रे त्याने मिळवली, बखरी उतरवून घेतल्या, इंग्रजांच्या वखारींच्या नोंदीही पाहिल्या. कामाच्या ताणाने प्रकृती ढासळली आणि तो मायदेशी परतला. ईडनची इस्टेट वारशाने मिळाल्यावर त्याने डफ हे नाव जोडले. १८२६ मध्ये ‘हिस्टरी ऑफ द मराठाज’ तीन खंडांत प्रसिद्ध झाला. आपल्या थोरल्या मुलाचे नाव त्याने माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ठेवले. जुन्या वरिष्ठाविषयी त्याला किती आदर होता, हे त्यावरून कळते. १८५८ मध्ये तो वारला.

त्याच्या पुस्तकात आपला परिसर जागोजागी भेटतो. मावळातले सोबती, तोरणा ताब्यात घेणे, तिथे सापडलेले धन, त्यातून शेजारच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर उभा राहिलेला राजगड, हे सारे त्याने क्रमाने सांगितले. पुढच्या कितीतरी पिढ्यांनी ही हकीकत त्याच्याच मांडणीतून वाचली. कॅप्टन केपनने १८३० च्या सुमारास ‘मराठ्यांची बखर’ या नावाने त्याचे मराठी रूप आणले आणि शाळेतली मुले आपला इतिहास त्या पुस्तकातून शिकू लागली.

त्याच शाळांतून त्याचे टीकाकारही निघाले. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी डेक्कन कॉलेजात शिकत असतानाच ग्रँट डफच्या बखरीची परखड तपासणी केली. १८९८ मध्ये राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढून अस्सल पत्रांचा मार्ग खुला केला. १९०० मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी मराठ्यांचा उदय हा सह्याद्रीतल्या वणव्यासारखा अकस्मात भडका होता, हे मत खोडून काढले आणि त्यामागची संतांची, समाजाची दीर्घ तयारी दाखवली.

यातला सर्वांत मोलाचा धडा भोर तालुक्यातल्या कारी गावातून आला. ग्रँट डफने शिवाजी महाराजांचा जन्म मे १६२७ मधला दिला होता. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरी एक शकावली पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेली होती. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत प्रसिद्ध झाली. तिच्यात जन्मतिथी होती फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. आज महाराष्ट्र सरकार शिवजयंती साजरी करते ती याच तारखेला. या मुलखाच्या जहागिरीचा करार करणारा, दरबारी दफ्तरे चाळणारा अधिकारी जिथे चुकला, तिथे रोहिडखोऱ्यातल्या एका घराने जपलेल्या नोंदीने त्याला दुरुस्त केले.

मला या साऱ्यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. वकिलातीतून इतिहासाकडे वळलेल्या माणसाला राजांची दफ्तरे, तह आणि लढायांच्या तारखा सहज मिळतात, कारण त्याच्या अधिकाराला तीच दारे उघडतात. ग्रँट डफने त्या दारांतून आत जाऊन अफाट कष्ट केले, आणि त्या कष्टांचे ऋण मान्य करायलाच हवे. पण देशमुखाच्या माळ्यावरचा रुमाल, कुलकर्ण्याच्या पेटीतला महजर, देवस्थानाचा ताम्रपट त्याला पूर्ण दिसणे शक्य नव्हते. सत्तेजवळून लिहिलेला इतिहास पुरा करण्याची जबाबदारी गावाची असते. म्हणून भोर-वेल्ह्यातल्या ज्या घरांत आजही मोडीचे कागद आहेत, त्यांना कळकळीची विनंती : ते रद्दीत टाकू नका, ओलीत ठेवू नका. मोडी जाणणाऱ्याला दाखवा, त्यांची छायाचित्रे काढून घ्या, भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला कळवा. मूळ कागद घरीच राहू द्या, पण त्यातला मजकूर अभ्यासकांपर्यंत पोहोचू द्या.

पुढच्या आठवड्यात आपण याच तहाची उलटी बाजू पाहू. रोहिडखोऱ्यातल्या देशपांडे घराण्यातले रंगो बापूजी गुप्ते हे प्रतापसिंहांचे वकील म्हणून विलायतेला गेले आणि १८५३ पर्यंत लंडनमध्ये राहून १८१९ च्या तहाच्या आधारे कंपनीशी भांडले. साताऱ्यात ग्रँटनंतर रेसिडेंट झालेला जॉन ब्रिग्ज लंडनमध्ये पदच्युत महाराजांच्या बाजूने बोलला. फेरिश्त्याच्या फारसी तवारिखेचा इंग्रजी तर्जुमा करणाराही तोच. इंग्रजांनी केलेला तह इंग्रजांपुढेच पुराव्यादाखल ठेवणाऱ्या या मावळी वकिलाची हकीकत पुढच्या लेखांकात.