दोष की गुण? : अतिसंवाहक पदार्थांतील सूक्ष्मसंरचनेचे कार्य

पदार्थाचे गुणधर्म त्याच्या रासायनिक घटनेवरून ठरतात, ही समजूत खरी असली तरी पुरेशी नाही. निओबियम व टायटॅनियम यांची एकाच प्रमाणातील मिश्रधातू दोन निरनिराळ्या रीतींनी तयार केली, तर दोन्ही नमुन्यांतील विद्युत् रोध जवळजवळ एकाच तापमानाला, म्हणजे सुमारे ९ केल्विनला, नाहीसा होतो. परंतु चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यावर एका नमुन्यातून जितका प्रवाह रोधावाचून वाहू शकतो, त्याच्या कितीतरी पट दुसऱ्यातून वाहतो. हा भेद घटकांचा नव्हे, त्यांच्या मांडणीचा होय.

१९११ साली लायडन येथे कामर्लिंग ऑनेस यांना पाऱ्याचा रोध ४·२ केल्विनच्या आसपास एकाएकी नाहीसा झालेला आढळला. अशा धातूंच्या वेटोळ्यांपासून प्रबल चुंबक बनविण्याची आशा मात्र लवकरच मावळली. कारण शुद्ध धातूंची अतिसंवाहकता अल्प चुंबकीय क्षेत्रातही नष्ट होते. पुढे ज्ञात झालेल्या दुसऱ्या वर्गातील अतिसंवाहकांचे वर्तन वेगळे असते. अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ मध्ये दाखविल्याप्रमाणे, त्यांच्यात चुंबकीय क्षेत्र सूक्ष्म भोवऱ्यांच्या रूपाने शिरते. प्रत्येक भोवऱ्याचा गाभा सामान्य धातूसारखा असून त्याभोवती प्रवाह फिरत असतो.

बाहेरून प्रवाह सोडला की या भोवऱ्यांवर आडवी प्रेरणा कार्य करते. ते सरकू लागले, की ऊर्जेचा व्यय होतो आणि रोध पुन्हा प्रकट होतो. म्हणजे सर्वथा निर्दोष स्फटिकात भोवऱ्यांना अडविणारे काहीच नसल्यामुळे तो प्रवाहवहनाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो! भोवऱ्याचा गाभा जेथे पदार्थ मुळातच अतिसंवाहक नाही अशा जागी स्थिरावला, तर ऊर्जेची बचत होते. म्हणून तो तेथे जखडला जातो. गाभ्याची रुंदी काही नॅनोमीटर असते. अर्थात जखडणाऱ्या जागाही साधारण त्याच मापाच्या असाव्या लागतात.

निओबियम-टायटॅनियमच्या तारेत अशा जागा हेतुपूर्वक निर्माण केल्या जातात. तार सुमारे ४०० अंश सेल्सिअसला तापविणे आणि ओढून बारीक करणे या क्रिया आलटूनपालटून केल्या असता टायटॅनियमप्रचुर कण वेगळे होतात आणि शेवटी काही नॅनोमीटर जाडीच्या, दुमडलेल्या फितींचे रूप घेतात. कार्यकारी तापमानास या फिती स्वतः अतिसंवाहक नसतात. उत्तम तारेत त्यांचा वाटा आकारमानाच्या सुमारे एक पंचमांश असतो; एवढ्या भागाचा त्याग केल्यानेच उरलेला भाग कार्यक्षम होतो.

हीच तार मोठ्या प्रमाणावर पाहिली, तर ती तांब्यात बसविलेल्या हजारो तंतूंची बनलेली दिसते. जिनीव्हाजवळील मोठ्या कणत्वरकाच्या मुख्य चुंबकांत हे तंतू सहा ते सात मायक्रॉन जाडीचे आहेत. तंतू जाड असल्यास भोवऱ्यांचे थवे एकदम सरकून उष्णता निर्माण होण्याचा धोका वाढतो. तसे झालेच, तर प्रवाहाला काही काळ वाट करून देण्याचे काम तांबे करते.

निओबियम व कथील यांच्या संयुगात भोवरे जखडण्याचे कार्य स्फटिककणांच्या सीमा करतात. १९६१ मध्ये बेल प्रयोगशाळेत या संयुगाने ८·८ टेस्ला क्षेत्रातही प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे एक लाख अँपिअरहून अधिक प्रवाह वाहून नेला. कण जितके बारीक तितक्या सीमा अधिक, म्हणून कण वाढू नयेत याची दक्षता घ्यावी लागते.

यावरून कणसीमा नेहमीच उपकारक असते असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. १९८७ साली यिट्रियम, बेरियम व तांबे यांच्या संयुक्त ऑक्साइडात अतिसंवाहकता सुमारे ९२ केल्विनपर्यंत टिकते असे आढळले. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळत असल्याने या शोधाने मोठ्या आशा निर्माण झाल्या. पण पुढच्याच वर्षी, दोन स्फटिक जोडलेल्या आधारावर वाढविलेल्या पातळ पटलांच्या प्रयोगांतून दिसून आले, की शेजारील कणांच्या दिशांतील कोन काही अंशांपलीकडे वाढताच सीमेपार जाणारा प्रवाह झपाट्याने घटतो. ज्या अंतरात अतिसंवाहक अवस्था बदलू शकते ते या पदार्थात इतके अल्प असते, की सीमेवरील थोडीशी विस्कळीत रचनाही अडसर ठरते. म्हणून लवचिक धातूच्या पट्टीवर सर्व कण जवळजवळ एकाच दिशेने मांडून पटल वाढविण्याच्या पद्धती १९९० नंतरच्या दशकात विकसित झाल्या. गंमत अशी, की इतक्या सायासाने सुव्यवस्थित केलेल्या त्याच पटलात पुढे भोवरे जखडण्यासाठी बेरियम झिर्कोनेटचे काही नॅनोमीटर जाडीचे स्तंभ मुद्दाम पेरले जाऊ लागले.

स्फटिकशास्त्रात ‘दोष’ ही संज्ञा आदर्श रचनेपासूनचे विचलन एवढ्याच अर्थाने रूढ आहे. व्यवहारातील निंदेचा अर्थ तिला चिकटविल्यास विषयाचे आकलन विकृत होते. एकच कणसीमा एका पदार्थात भोवऱ्यांना अडविते, तर दुसऱ्यात प्रवाहालाच. ती गुण की दोष, हे तिच्या अस्तित्वावरून ठरत नाही. भोवऱ्याच्या गाभ्याशी तिच्या मापाचे आणि प्रवाहाच्या मार्गाशी तिच्या स्थानाचे जे नाते असते, त्यावरून ते ठरते.